ऐकू येईनासे झाले म्हणजे

गेल्या सुगीत भाताची मळणी चालू असताना आम्ही कॅम्पापासून दहाबारा किलोमीटरवरच्या एका वस्तीवर घरभेटीला गेलो होतो. घरातली सून अंगणात भात पाखडीत होती. "मामंजी कुठे दिसत नाहीत?" असे विचारताच तिने शेताकडे हात केला.

"खोपीत असतात, फादर. जेवायला बोलावलं तर येतात, नाहीतर तिथंच. कुणाशी बोलत न्हाईत. परवा शेजारच्यांवर धावून गेले, तुम्ही मला हसताय म्हणून. डोस्कं फिरलंय असं समदी म्हणतात."

हे गृहस्थ आमच्या चांगल्या परिचयाचे. वय ६८. एके काळी चर्चच्या सणाचा मांडव, बाजारहाट, जेवणावळ सगळे त्यांच्या अंगावर असे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिस्सेला येणे कमी केले आणि पुढे बंदच केले. धर्मग्रामाच्या सभेत कुंपणाच्या खर्चावरून थोडी बोलाचाली झाली होती, तिचा राग असेल असे आम्ही धरून चाललो. बाजारात दोनदा भेटले. आम्ही बोललो, त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढे गेले. माणूस अभिमानी आहे, असे आम्ही मनाशी म्हटले. वाचकहो, चूक आमची होती. आम्ही काय बोललो ते त्या माणसाला ऐकूच आले नव्हते.

खोपीत जाऊन त्यांच्याजवळ बसलो. मोठ्याने बोलून पाहिले तर ते चिडले. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून विचारले, "काय होते?" त्यांनी वाचले, बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आवाज येतो, फादर. शब्द येत न्हाईत."

त्या एका वाक्यात या सबंध विषयाचे वर्म आहे. बहिरेपणा म्हणजे सगळे बंद, असे आपण समजतो. वयामुळे किंवा यंत्रांच्या गोंगाटामुळे कान जातात तेव्हा तसे होत नाही. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते आणि तिच्यात अतिशय नाजूक केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच सूर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्यामुळे आ, ओ, ऊ हे स्वर ऐकू येत राहतात. स, श, फ, थ, क अशी व्यंजने गळून पडतात. मग 'साठ' आणि 'आठ' सारखेच वाटतात, 'सहा' की 'दहा' ते कळत नाही. बायकांचे व मुलांचे बोलणे पुरुषांच्या बोलण्यापेक्षा अधिक अवघड जाते. घरात सून आणि नातवंडेच जास्त बोलतात, म्हणजे म्हातारा नेमका तिथेच उपरा होतो. चारचौघांच्या गलक्यात तर काहीच उमगत नाही. आणि ओरडून बोलल्याने व्यंजने परत येत नाहीत. ओरडणाऱ्याचे ओठ वेडेवाकडे होतात, चेहरा रागावल्यासारखा दिसतो, आणि बिघडलेल्या कानाला मोठा आवाज चटकन टोचतो. म्हणूनच "हळू बोललास तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललास तर खेकसतो कशाला" असे भांडण घरोघरी होते.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती शहरातल्या डॉक्टरांच्या लवकर ध्यानात येत नाही. शेतकऱ्याचा कान हे त्याचे हत्यार आहे. मोटर पाणी उचलते आहे की नुसतीच फिरते आहे, हे तो बांधावरून आवाजाने ओळखतो. रात्री गोठ्यात म्हैस अडली तर तिच्या हंबरण्याने जागा होतो. मागून येणारी उसाची ट्रॉली, पाचोळ्यातली सळसळ, लिलावात पुकारलेला दर, हे सगळे कानाचे काम. आमच्या या गृहस्थांनी दोन वर्षांत दोनदा मोटर जाळली होती. बाजारात गुळाचा भाव चुकीचा ऐकून हो म्हटले होते, त्यावरून मुलगा चारचौघांत बोलला होता. तेव्हापासून त्यांनी बाजाराला जाणे सोडले. पैशापेक्षा घरच्या कारभारातून आपण उठलो ही गोष्ट त्यांना अधिक लागली.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक पीळ आहे. कमी ऐकणारा माणूस अर्धे शब्द ऐकतो आणि बाकीचे ओठ बघून, प्रसंग बघून, अंदाजाने भरून काढतो. हे भरणे त्याला आपल्या भाषेत जमते. तहसील कचेरीत किंवा दवाखान्यात समोरचा कन्नड बोलू लागला की मराठी किंवा कोंकणी घरातल्या माणसाला तो अंदाज करताच येत नाही. तपासणीत शब्द ऐकवून विचारतात, ते शब्दही त्याच्या ओळखीच्या भाषेतले असावेत अशी विनंती डॉक्टरांना अवश्य करावी. यात भाषेच्या वादाचा काही संबंध नाही, तपासणी बरोबर व्हावी एवढाच हेतू.

आता मनाकडे वळू. आम्ही डॉक्टर नव्हे. पण कान-नाक-घशाच्या आणि मनाच्या डॉक्टरांशी बोललो, काही वाचले, आणि वीसेक वर्षे माणसांची मने जवळून पाहिली, त्या आधारावर लिहितो. दिवसभर अर्धवट शब्द जुळवीत बसणे हे नांगर धरण्याइतकेच दमवणारे काम आहे. संध्याकाळपर्यंत डोके भणभणते. म्हणून माणूस माणसांत जाणे टाळतो. न गेल्यामुळे त्याला बातम्या कळत नाहीत. बातम्या कळत नाहीत म्हणून त्याला कोणी विचारत नाही. लोक हसले की आपल्यालाच हसले असे वाटते, दोघे हळू बोलले की आपल्याविषयीच बोलले असे वाटते. हा संशय म्हणजे वेड नव्हे. अर्धी माहिती मिळाली की उरलेली अर्धी मन आपल्या भीतीने भरते. तुम्हाआम्हांला कानडी गावात चार महिने एकटे ठेवले तर आपलेही तसेच होईल. कित्येकांच्या कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडल्यासारखा आवाज चालू असतो, त्याने झोप जाते. झोप गेलेला माणूस चिडका होतो आणि चिडक्या माणसाजवळ कोणी बसत नाही.

२०२० साली अनेक देशांतली पस्तीस संशोधने एकत्र तपासण्यात आली. त्यांत असे दिसले की कमी ऐकणाऱ्या वृद्धांत खिन्नतेच्या आजाराची शक्यता इतरांच्या जवळजवळ दीडपट असते. विस्मरणाच्या आजाराशीही याचा संबंध आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षे प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२३ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकारासारखे इतर धोके आधीच जास्त होते त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्राने सगळे बरे होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये, आणि काहीच उपयोग नाही असे सांगणाऱ्यावरही ठेवू नये.

हे दुःख अडाणी माणसालाच होते असे नाही. जर्मन संगीतकार बीथोव्हेन याचे कान तिशीच्या आत जाऊ लागले. ६ ऑक्टोबर १८०२ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, व्हिएन्नाजवळच्या हायलिगनश्टाट या खेड्यातून त्याने भावांना एक पत्र लिहिले. लोक मला हट्टी व माणूसघाणा समजतात, पण खरे कारण त्यांना ठाऊक नाही, असा त्याचा आशय होता. जरा मोठ्याने बोला, मी बहिरा आहे, हे संगीतकाराने कोणत्या तोंडाने सांगावे? शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरवरची बासरी किंवा मेंढपाळाचे गाणे ऐकू यावे आणि आपल्याला काहीच येऊ नये, या गोष्टीने जीव नकोसा झाला होता, असेही त्याने लिहिले. आपल्या कलेने त्याला धरून ठेवले. ते पत्र त्याने पाठवलेच नाही. १८२७ मध्ये तो वारल्यावर कागदपत्रांत सापडले. आमच्या खोपीतल्या गृहस्थांना हे सांगितले, म्हणजे लिहून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "मग त्यानं पत्र टाकायला हवं होतं."

जन्मापासून न ऐकणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे काही हरवलेले नसते, त्यांच्यापर्यंत काही पोहोचलेले नसते. अशा मुलांपैकी दहांतल्या नवांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि घरात त्यांच्या हाताची भाषा कोणालाच येत नाही. आईला चार खुणा येतात, जेव, झोप, ये, जा. रागाला, भीतीला, मरणाला खूण नसते. आजा वारल्याचे घरातल्या एका तरुणाला पेटी अंगणात आल्यावर कळले, असा प्रसंग आम्ही स्वतः पाहिला आहे. तो दोन दिवस कोणाला जवळ येऊ देईना आणि लोक म्हणाले, बघा, याला समज नाही. पहिल्या पाचसहा वर्षांत मुलाला कोणतीच भाषा पुरती मिळाली नाही, तोंडाची नाही आणि हाताचीही नाही, तर पुढे विचार करणे, राग आवरणे, आपले दुखणे सांगणे सगळेच अवघड होते. मन आजारी पडण्याचे मोठे कारण तिथे आहे. म्हणूनच जुना 'मूकबधिर' हा शब्द आता कोणी वापरू नये. ती मुले मुकी नसतात, हाताने बोलतात. 'कर्णबधिर' म्हणावे.

या बाबतीत आपल्या धर्मसभेची हकिकत थोडी अभिमानाची आणि थोडी खेदाची आहे. भारतातली कर्णबधिर मुलांची पहिली शाळा मुंबईत १८८५ मध्ये सुरू झाली ती येशूसंघीय बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने. त्याआधी सव्वाशे वर्षे पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाच्या धर्मगुरूने गरीब कर्णबधिर मुलांकडून त्यांच्या खुणा शिकून घेतल्या आणि त्याच खुणांनी त्यांना शिकवले. पण १८८० मध्ये मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांची भाषा शाळांतून काढून टाकावी असे तिने ठरवले. मग अनेक देशांतल्या शाळांत दीर्घकाळ मुलांचे हात बांधल्यासारखे झाले, तोंडानेच बोला असा हट्ट चालला. आता ते मत मागे पडले आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय खुणांच्या भाषेसाठी सरकारी केंद्र निघाले, त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. आणि २ मे २०२४ रोजी केरळात त्रिशूर येथे होली क्रॉस संघाचे फादर जोसेफ तेर्मडम यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. जन्मतः कर्णबधिर असलेले ते भारतातले पहिले धर्मगुरू. ते हातांनी मिस्सा अर्पण करतात.

वैद्यांच्या चुकाही याच भाषेच्या अडचणीतून होतात. हातवारे करणारा, मध्येच विचित्र आवाज काढणारा तरुण पाहून त्याला मंदबुद्धी किंवा वेडा ठरवल्याची उदाहरणे जगभर आहेत. आपल्या भागात "धारवाडला न्या" म्हटले की काय समजायचे ते सर्वांना ठाऊक आहे. त्या जुन्या संस्थेची थट्टा आम्हांला आवडत नाही. आज डिमहान्स या नावाने तिथे चांगले उपचार होतात, आणि जायची वेळ आली तर लाज न बाळगता जावे. मात्र आधी कान तपासलेले असावेत, आणि कर्णबधिर माणसाबरोबर त्याच्या खुणा जाणणारे कोणी तरी असावे. ते घरचेच असेल तर माणूस घरचे दुःख सांगणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता खोपीतली राहिलेली गोष्ट. सून म्हणाली होती, "परवा म्हणाले, माझं काम आता संपलंय." असे बोलणे ऐकले की आपण "असं अभद्र बोलू नये" म्हणून विषय बदलतो. तसे करू नये. आम्ही कागदावर सरळ लिहून विचारले, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे, विचारल्याने ओझे हलके होते. त्यांनी मान हलवली, होय म्हणून. खोपीत कीटकनाशकाचे दोन डबे होते. आम्ही मुलाला बोलावून त्याच दिवशी ते दुसऱ्या घरी कुलपात ठेवायला लावले. विष हाताशी नसेल तर तो वाईट घटकाभराचा काळ निघून जातो आणि माणूस वाचतो, हे अनेक देशांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. प्रत्येक शेतकऱ्याने, घरात कोणी खिन्न असो वा नसो, औषधाचे डबे कुलपात ठेवावेत आणि किल्ली एकाच्याच कमरेला असावी. सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. पण ज्याला फोनवर ऐकू येत नाही त्याने ती कशी वापरायची? जवळच्याने शेजारी बसून फोन लावावा, विचारलेले लिहून दाखवावे आणि त्याचे उत्तर सांगावे. दोन दिवसांनी मुलगा त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन गेला.

तपासणीत एका कानात दगडासारखा मळ निघाला. तो काढल्यावर तिथे थोडे सुधारले. बाकीचे नुकसान वयाचे आणि वीस वर्षे मळणी यंत्राच्या तोंडाशी उभे राहिल्याचे. मनाच्या डॉक्टरांनी खिन्नतेवर गोळ्या दिल्या, त्या सहा महिने घेतल्या. घरच्या घरी मळ काढायला काडी, किल्ली, पिन काही घालू नये. कान वाहत असेल तर तेल मुळीच घालू नये. लहान मुलांचे कान वाहणे "दात येतात म्हणून" समजून सोडून देतात, त्यातूनच पुढे कित्येकांचे पडदे जातात. क्षयरोगावर पूर्वी सर्रास देत ते स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन आणि अजूनही वापरात असलेले जेंटामायसिन यांनीही कान जाऊ शकतात, म्हणून पूर्वीच्या आजारांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. गरोदर बाईला रुबेला झाला तर मूल कर्णबधिर जन्मू शकते. त्यासाठी कर्नाटकात २०१७ पासून गोवर-रुबेलाची लस देतात, ती मुलामुलींना चुकवू नये. मामा-भाचीच्या आणि मामे-आते भावंडांच्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण वाढते. धर्मसभा अशी लग्ने सहजासहजी का मान्य करत नाही असे विचारणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

निपाणीकडच्या मंडळींना कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ पडते. फार लहान मूल असेल किंवा इथे निदान होत नसेल तर म्हैसूरची वाणी व श्रवण संस्था आहे. ती १९६५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. प्रवास लांबचा आहे, पण मूल सहा महिन्यांचे होण्याच्या आत उपाय सुरू झाला तर त्याची भाषा वाचते, म्हणून टाळू नये.

श्रवणयंत्राबद्दल दोन शब्द. जत्रेत किंवा टपालाने मिळणारे स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवते आणि माणूस वैतागून ते कपाटात टाकतो. कानाचा आलेख काढून त्याप्रमाणे जुळवलेले यंत्र घ्यावे. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट, स्वतःचे चावणेसुद्धा कर्कश वाटते. मेंदूला पुन्हा सवय व्हावी लागते. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत एका माणसाशी बोलताना वापरावे. केंद्राच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या अपंग व्यक्तीला यंत्र मिळू शकते. पण २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलचे नुकसान असल्याशिवाय दाखला मिळत नाही. त्याहून कमी नुकसान असलेलाही घरात एकटा पडतोच, तेव्हा दाखला नाही म्हणून यंत्र नको असे करू नये.

आणि अजून ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांनी ते जपावेत. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास, ही मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. छत नसलेला जुना ट्रॅक्टर, मळणी यंत्र, गुऱ्हाळाचे इंजिन त्या घरात सहज जातात. कानात घालायचे फोमचे बोळे थोड्या पैशांत मिळतात. साध्या कापसाचा उपयोग नाही. ट्रॅक्टरचा सायलेन्सर गळका ठेवू नये. उसाच्या ट्रॉल्यांवर पेटीएवढे कर्णे बांधून गाणी लावीत जाणाऱ्या पोरांना काय सांगावे? त्यांना आज ऐकू जात नाही, आणि उद्या खरोखरच जाणार नाही.

शुभवर्तमानात मार्कच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाची हकिकत आहे. प्रभूने त्याला आधी गर्दीतून बाजूला नेले आणि मग स्पर्शाने, खुणेने त्याच्याशी व्यवहार केला. इतकी वर्षे आम्ही त्यावर प्रवचने दिली, पण गर्दीतून बाजूला का, हे आम्हांला खोपीत कळले. कमी ऐकणाऱ्याशी बोलायचे तर तेच करावे. बाजूला न्यावे, टीव्ही बंद करावा, उजेड आपल्या तोंडावर येईल असे समोर बसावे, आधी खांद्याला हात लावून मग बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा ओरडण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगावे. आकडे लिहून दाखवावेत. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच म्हणू नये. सगळे हसले आणि काय झाले असे विचारल्यावर "काही नाही" ऐकणे, याहून त्यांना दुसरे काही लागत नाही, असे आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी सांगितले.

आपल्या देवळात ध्वनिक्षेपकाचा आवाज भिंतींवरून घुमतो, ही तक्रार खरी आहे. डावीकडची पुढची दोन बाके आम्ही कमी ऐकणाऱ्यांसाठी ठेवली आहेत, तिथून बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. प्रवचनाचा कागदही मागितल्यास मिळेल. पापनिवेदनाच्या पेटीत जाळीआडून त्यांना काही कळत नाही, म्हणून दर शनिवारी चार वाजता आम्ही साक्रिस्तीत दार लावून समोरासमोर बसतो. धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे खुणा जाणणारा दुभाषाही चालतो, आणि गुप्ततेचे बंधन त्यालाही लागते. लिहिण्यासाठी कागद नको, पाटी-पेन्सिल ठेवली आहे.

पहिल्या शनिवारी खोपीतले गृहस्थच आले. यंत्र ते मिस्सेला आणि बाजाराला लावतात, घरी काढून ठेवतात. खोपीत अजूनही बसतात, पण आता नातू बरोबर असतो, तो मोटरचा आवाज ऐकून सांगतो. निघताना त्यांनी पाटीकडे बोट दाखवले आणि सबंध साक्रिस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ओलं फडकं ठेवा, फादर. कोरड्यानं नीट पुसलं जात न्हाई."